विजयकर मास्तरांचा एकच दिवा

आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीत भर दुपारी कुणाच्या घरात अंधार दिसला, की समजावं, विजयकर मास्तर येऊन गेले. हा माणूस दारातून आत आला की बसायच्या आधी तुमच्या घरातला उजेड तपासायचा. "दोन खिडक्या कशाला? एक पुरे," म्हणत एक ओढून घ्यायचा. मी लग्न होऊन नुकती वाडीत आले होते. तांदूळ निवडत बसलेय, तर अर्ध्या सुपावर काळोख. म्हटलं, मास्तर, खडे दिसत नाहीत हो. तर म्हणतात कसे, "खडे राहू देत, तांदूळ बघ काय दिसताहेत." त्या दिवशी घरच्यांच्या दाताखाली काय काय आलं, ते मी सांगायला नको.

मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि संध्याकाळी घरी मुलींचा वर्ग घ्यायचे. खोलीत दिवा एकच. त्याला पत्र्याच्या डब्याची टोपी घातलेली, म्हणजे उजेड इकडेतिकडे न सांडता एकाच जागी पडावा. त्या जागी काय, तर वांगं. "चित्रात राजा एकच असतो, बाकीच्यांनी अंधारात उभं राहायचं," असं शिकवायचे. कुणी बिचारीनं हौसेनं सगळा कागद रंगवला, की ठरलेलं वाक्य यायचं, "सगळंच उजळलंत, तर बघायचं कुठे?" तेवढ्यात आतून काकी, म्हणजे मास्तरांची बायको, हाक मारायच्या, "राजाचं राज्य झालं असेल तर द्या इकडे, फोडणी जळतेय."

हे वेड जेवतानाही सुटायचं नाही. काकींना भात वाढायचा तो काळ्या दगडाच्या ताटलीत आणि दिवा ओढून आणायचा तो नेमका त्या ताटलीवर. स्वतः अंधारात चाचपडत जेवायचे. काकींना डोळ्यांनी जरा कमी दिसतं, एवढं वाडीला ठाऊक होतं. पण मला आपलं वाटायचं, ह्या माणसाला जेवणाचंही चित्र करायचंय. कशी संसार करते ही बाई.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. वाडीतली काही मुलं सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आली. त्यांचा देवळामागच्या हॉलमध्ये सत्कार ठरला आणि रांगोळीचं काम मास्तरांनी माझ्यावर टाकलं. सुटून आलेल्या मुलाला आई ओवाळतेय, असं चित्र. माहेरी माझ्या रांगोळीचं केवढं कौतुक, आणि इथे मी अजून नुसती 'नवी सून'. म्हटलं, आता दाखवतेच. कंबर मोडेस्तोवर बसले. आईच्या लुगड्याचा काठ असा भरला, की बायका वाकवाकून बघायला लागल्या. खाली मोठ्या अक्षरांत 'झालाच पाहिजे'.

सत्काराच्या दिवशी दुपारी जेवून परत येते, तर मास्तर उकिडवे बसलेले, हातात चहाची गाळणी, आणि गाळणीतून कोळशाची पूड पडतेय माझ्या काठावर. मुलाच्या सदऱ्यावर, भिंतीवर, अक्षरांवरसुद्धा. उरला होता फक्त आईचा चेहरा आणि हातातलं निरांजन. मला रडूच फुटलं. म्हटलं, मास्तर, हे काय हो केलंत?

"काठानं ओवाळते का ती?" एवढंच बोलले आणि रिकामी गाळणी माझ्या हातात दिली.

सत्काराचं बघणारे बंडोपंत आले, त्यांनी कपाळाला हात लावला. 'झालाच पाहिजे' काळोखात ढकललंत, पोलिसांना घाबरलात की काय, म्हणून विचारलं. मास्तरांनी उलट हॉलच्या खिडक्या ओढून घेतल्या, सगळे दिवे बंद केले आणि घरचा तो टोपीवाला दिवा आणून रांगोळीवर टांगला. बंडोपंत तणतणत पाहुण्यांना आणायला गेले. माझंही डोकं उठलं होतं. त्या अंधारात मी घरी जायला चपला शोधत होते.

तोवर मास्तर काकींना हाताला धरून घेऊन आले. रांगोळीच्या कडेला पाट ठेवून बसवलं. काकी पुढे वाकल्या, मान जराशी तिरकी केली. नजर रांगोळीतल्या आईच्या चेहऱ्यावर.

"अहो, ही रडतेय," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"रडतेय आणि हसतेयसुद्धा." मग थोड्या वेळानं, "किती वर्षांनी कुणाचं तोंड दिसलं हो मला."

एरवी ज्यांचं तोंड मिटत नसे, ते मास्तर दिव्याची वायर उगाच सरळ करत राहिले. काळ्या ताटलीतला पांढरा भात मला तेव्हा दिसला.

बाहेर गलका झाला. पाहुणे आले, बंडोपंत पुढे धावले ते थेट बटणांच्या फळीकडे, "लावा रे दिवे, सगळे लावा," म्हणत. मी चपला टाकल्या आणि फळीला पाठ लावून उभी राहिले. ज्यांना बघून पदर सावरत बाजूला व्हायची, त्या बंडोपंतांच्या वाटेत.

"जरा थांबा," म्हटलं. "काकींचं बघून व्हायचंय."