प्रयोग क्रमांक एक : हसणे

एका जंगलात, बाळांनो, एक महाविद्यालय होतं. जंगलात महाविद्यालय कशाला, असं विचारू नका. तुमच्या गावात तरी कशाला आहे?

या महाविद्यालयात इरावती नावाचं एक खवले मांजर शिकत होतं. नावात मांजर असलं तरी ती मांजर नव्हे बरं का! अंगभर खवले, तोंडात दात एकही नाही, खाणं मुंग्या आणि वाळवी. घाबरली की ती अंगाचा चेंडू करून घ्यायची. तिची जातच तशी.

पहिल्या वर्षी इरावती क्वचितच चेंडू व्हायची. दुसऱ्या वर्षी निकालाच्या दिवशी झाली, मग तासाला झाली, मग जेवणाच्या वेळी. चेंडू व्हायला काही लागत नाही, ते क्षणात होतं. पुन्हा उघडायलाच वेळ लागायचा. आधी दोन मिनिटं लागत, मग दहा लागू लागली. परवा तर पुरा तास गेला. एक दिवस आपण उघडणारच नाही, या भीतीने तिला घास गिळवेना. वसतिगृहाच्या वाळवीला तशीही चव नव्हती, पण ते कारण नव्हे.

कुणाशी तरी बोलावं, असं तिला फार वाटायचं. पण बोलणार कुणाशी? वर्गातला बबन वानर दिवसभर फांदीला उलटा लटकून खिदळत असायचा. बाकीचेही मजेतच दिसत. एवढ्या आनंदी मंडळींत आपणच रडगाणं कशाला गायचं? आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं तिने ठरवून टाकलं.

नेमका त्याच आठवड्यात महाविद्यालयात ताणमुक्ती कक्ष सुरू झाला. शेजारच्या जंगलातून तपासणी समिती येणार होती. तिच्या तक्त्यात एक रकाना होता : 'विद्यार्थी आनंदी आहेत काय? असल्यास पुरावा जोडावा.'

प्राचार्य गेंडेसरांनी कक्षाचं उद्घाटन केलं. सरांची कातडी चार बोटं जाड. त्यामुळे ताण म्हणजे काय, हे त्यांनी एका परिसंवादात ऐकून घेतलं होतं. स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं, अकरा जणांचे सत्कार झाले. विद्यार्थी उन्हात बसून होते. तीन ससे चक्कर येऊन पडले. त्यांचे विशेष आभार मानण्यात आले.

दुसऱ्या दिवशी इरावती कक्षाच्या दारात जाऊन उभी राहिली. कक्षप्रमुख होत्या टिटवीबाई. आपण पाय वर करून झोपलो नाही तर आभाळ कोसळेल, या काळजीत बाईंची उभी हयात गेली होती. ताणाचा अनुभव दांडगा, म्हणून तर त्यांची नेमणूक झाली.

"बाई, मला जरा बोलायचं होतं."

"जर्नल आणलंस?"

"कसलं जर्नल?"

"आनंदाचं! सूचनाफलक बघत नाहीस का गं? पंधरा प्रयोग, प्रत्येकावर माझी सही. जर्नल पूर्ण असेल तरच समुपदेशनाला बसता येतं."

"पण बाई, मला बरं वाटत नाही म्हणूनच तर..."

"मग आधी प्रयोग कर. बरं वाटलं की ये. मग सविस्तर बोलू."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तर रेड्यालाच पखाल भरून आणायला सांगितली होती.

इरावतीने निमूटपणे खाकी कव्हर घालून जर्नल तयार केलं. पहिल्या पानावर लिहिलं : 'प्रयोग क्रमांक एक : हसणे. उद्देश : हसून पाहणे. साहित्य : तोंड (एक), दात (असल्यास). कृती : ओठ दोन्ही बाजूंना समान ताणून दहा अंक मोजावेत. निष्कर्ष : मन प्रसन्न झाले.' निष्कर्ष बाईंनी आधीच फळ्यावर लिहून दिला होता. निरीक्षणाची जागा तेवढी मोकळी होती.

सगळा वर्ग रांगेत उभा राहून हसला. "दात दिसू देत, दात!" टिटवीबाई ओरडत होत्या. इरावतीचा एक गुण तिथेच गेला.

चौथा प्रयोग झाडाला मिठी मारण्याचा होता. जंगलात झाडांना काय तोटा? पण उद्घाटन एकाच उंबराचं झालं होतं. म्हणून चाळीस जणांची रांग त्या एका उंबरापुढे लागली. साळिंदराने मिठी मारल्यावर उंबराच्या खोडातून चीक गळू लागला आणि प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर करण्यात आलं.

प्रयोग झाला की इरावती एका ढोलीत जाऊन निरीक्षण लिहायची. 'हसू आले नाही. ओठ दुखले. फार एकटं वाटतं. एक दिवस मी उघडणार नाही.' तुम्ही म्हणाल, एवढं मनातलं जर्नलमध्ये कसं लिहिलं? अरे, तीच तर खरी सुरक्षित जागा! जर्नल कुणी वाचतं का? समास आखलाय का ते बघायचं, अनुक्रमणिका बघायची आणि सही ठोकायची, ही त्या महाविद्यालयाची तीन पिढ्यांची परंपरा होती. टिटवीबाईंनी एका बैठकीत चाळीस जर्नलांवर सह्या केल्या.

मग समिती आली. अध्यक्ष होते करकोचेसर. समितीचीही परंपरा होती : जर्नलं हातात घेऊन वजन बघायचं, जेवायचं आणि 'उत्तम' असा शेरा मारायचा. पण त्या दिवशी तळ्यातले मासे वेळेवर सापडेनात. जेवणाला उशीर झाला. करकोचेसरांना काही उद्योग नव्हता, म्हणून त्यांनी एक जर्नल उघडलं आणि चक्क वाचलं. मग दुसरं वाचलं. मग राहिलेली अडतीस वाचली.

"गेंडेसर, हे काय चाललंय? चाळीसच्या चाळीस जर्नलांत एकच निरीक्षण! हसू आले नाही, एकटं वाटतं, हसू आले नाही, एकटं वाटतं!"

गेंडेसरांचा चेहरा पडला. त्यांच्या तत्काळ सगळं लक्षात आलं.

"कॉपी!" ते म्हणाले.

"सामूहिक कॉपी," करकोचेसरांनी दुरुस्ती केली.

चाळीस जणांना पटांगणात उभं केलं. "मूळ जर्नल कुणाचं आहे? बऱ्या बोलाने सांगा!" गेंडेसर कडाडले.

इरावतीला कळेना. आपलं जर्नल आपण कुणालाच दाखवलं नाही, मग यांनी उतरवलं कसं? तिने हळूच बबनकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याचं मिटलेलं तोंड ती पहिल्यांदाच बघत होती.

"सर, मी कुणाचंच बघितलं नाही. आईशप्पथ," बबन म्हणाला. "मला वाटलं, माझं एकट्याचंच असं..."

"गप्प बस! एकट्याने लिहिलं असतंस तर खरं मानलं असतं. चाळीस जणांना एकाच वेळी एकटं वाटतं का कुठे?"

समितीचं जेवण होईपर्यंत नवीन निरीक्षणं लिहून द्यायची, अशी शिक्षा झाली. चाळीस जणांना एका गुहेत कोंडून दारावर धोंडा लावला. त्या धोंड्याच्या आवाजानेच इरावतीचा चेंडू झाला. या वेळी मात्र संपलं, असं तिला आतल्या अंधारात वाटलं.

बबन तिच्याजवळ येऊन बसला. "ए इरावती, तुलापण?"

"तुला कसं रे?" आतून आवाज आला. "तू तर दिवसभर हसतोस."

"थांबलो की विचारतात ना, काय झालं म्हणून. मग सांगावं लागतं."

"मला तर जवळही कुणी बसू देत नाही," साळिंदर म्हणालं. "उंबराला मिठी मारली, तर तोही रडला."

मग एकेकजण बोलू लागला. हरिणीला घरून रोज 'तुझी बहीण किती जोरात पळायची' असं ऐकावं लागत होतं. एक ससा चक्कर येऊन पडला नव्हता, तो मुद्दाम पडला होता, तेवढंच आडवं होता येतं म्हणून. कुणी रडलं, कुणी शेजाऱ्याला थोपटलं. हजेरी कुणी घेतली नाही. आणि सशाच्या त्या गोष्टीला सगळे खदखदून हसले, तेव्हा बबन ओरडला, "अगं, तू उघडलीस!" इरावतीने स्वतःकडे पाहिलं. बोळकं पसरून ती हसत होती. तिला इतकं बरं वाटलं, की ती पुन्हा रडली.

नवीन निरीक्षणं लिहायला आता कुणाला सवड होती? बबनने घाईघाईत 'मन प्रसन्न झाले' असं लिहिलं. एकोणचाळीस जणांनी ते अक्षर न् अक्षर त्याच्याकडे बघून उतरवलं.

तोवर मासे पोटात गेले होते. करकोचेसरांनी जर्नलांचं वजन पाहिलं, ढेकर दिला आणि शेरा लिहिला, 'उत्तम. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले आहे.' महाविद्यालयाला पहिली श्रेणी मिळाली. गेंडेसरांनी सूचना काढली की चारपेक्षा जास्त विद्यार्थ्यांनी एकत्र बसून बोलू नये, त्याने कॉपी पसरते. तेव्हापासून इरावती आणि तिची मंडळी चौघाचौघांत बसतात.

तात्पर्य : बाळांनो, दुःख लिहायचं झालं तर शेजाऱ्याहून दोन शब्द वेगळे लिहावेत, नाहीतर पकडले जाल. सुख मात्र खुशाल एकमेकांचं बघून उतरवावं. त्याला कुणीही हरकत घेत नाही.