बसकाकांचा नमुना

बसकाकांना लघवी होत नव्हती.

एरवी ही चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हे. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत डेपोतल्या झाडूवालीपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ती कळली होती, आणि प्रत्येकाकडे तिच्यावर एकेक उपाय होता.

झालं होतं असं. शाळेची बस चालवणाऱ्यांची सरकार अधूनमधून नशेची तपासणी करतं. कुणाची करायची ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि कॉम्प्युटरला माणसाचा चेहरा पाहायची सोय नसल्यामुळे त्यानं या वेळी नेमके बसकाका निवडले. बसकाकांना चहाचा दुसरा कप घेतला तरी अपराधी वाटायचं. सकाळी मुलांना शाळेत सोडून ते डेपोतल्या दवाखान्याच्या खोलीत शिरले ते "आलोच पाच मिनिटांत" असं सांगून.

खोलीत तपासनीस होता. तिशीतला, सडपातळ, कडक इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं बसकाकांचे खिसे रिकामे करून घेतले, मोबाईल ट्रेमध्ये ठेवला, हातात झाकणाचा कप दिला आणि अदबीनं म्हणाला, "काका, संडासाचं दार उघडं राहील आणि मी इथे उभा राहीन."

"म्हणजे... बघत?"

"बघत नाही हो. फक्त हजर असतो. कुणी दुसऱ्याचा नमुना लपवून आणू नये, म्हणून नियम आहे."

"मग तिकडे तोंड करून हजर राहता येईल का?"

"नियमात बसत नाही, काका."

इथेच घोडं अडलं. बसकाका या बाबतीत पहिल्यापासून लाजाळू. सहलीला बस थांबली की बाकीचे ड्रायव्हर मिळेल त्या झाडाआड जायचे. बसकाका मात्र झाडांमागून झाडं ओलांडत दिसेनासे व्हायचे आणि मुलं हॉर्न वाजवून त्यांना परत बोलवायची. घरीसुद्धा आधी नळ सोडल्याशिवाय त्यांना जमत नसे. आता पाठीमागे एक माणूस हजर, आणि नळ नियमानं बंद केलेला. बसकाका बराच वेळ उभे राहिले आणि कोरडा कप घेऊन बाहेर आले.

"घाई नाही," तपासनीस म्हणाला. "पाणी प्या. बसा. फक्त एक सांगून ठेवतो, ऑफिस सुटेपर्यंत नमुना मिळाला नाही तर मला 'नकार दिला' असं लिहावं लागेल."

"आणि नकार म्हणजे?"

"नशेत सापडल्यासारखंच धरतात."

हे ऐकल्यावर होतं नव्हतं तेही आटलं.

बसकाका पाणी पिऊ लागले. त्यांना एकट्याला पिताना संकोच वाटतोय असं दिसल्यावर तपासनीसही आपला ग्लास भरून सोबतीला बसला. माणूस खरोखर सज्जन होता. तेवढ्यात खिडकीतून मिस्त्रीचं डोकं आत आलं. "काका, धबधबा आठवा, धबधबा!" त्याच्यामागून आणखी एक डोकं म्हणालं, "गार पाण्यात हात बुडवा." मिस्त्रीनं तर पुढचं पाऊल टाकलं. बस धुवायचा मोठा पाइप त्यानं खिडकीखाली आणून सोडून दिला. खळाळ असा सुरू झाला की ऑफिसातला कारकून उठून गेला, त्याच्यामागे दोन कंडक्टर गेले, फोनवर बोलता बोलता मॅनेजरही गेले. सगळा डेपो मोकळा होऊन आला. बसकाका होते तिथेच होते.

आणि तपासनीसही. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळाच गंभीरपणा उतरू लागला होता. त्यानं एक पाय दुसऱ्यावर टाकला. मग दुसरा पहिल्यावर टाकला.

"तुम्ही जाऊन या ना," बसकाका कळवळून म्हणाले.

"तपासणी सुरू झाली की मला तुम्हाला एकटं सोडता येत नाही," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "तो पाइप तेवढा बंद करायला सांगा."

बसकाकांचा फोन लागत नव्हता, म्हणून त्यांच्या आईनं घरून डेपोत फोन केला. तो नेमका मिस्त्रीनं उचलला. "काका अडकलेत," तो म्हणाला. "कशात?" "नशेत." मग स्वतःच घाबरून म्हणाला, "म्हणजे नशेच्या तपासणीत," पण तोवर पलीकडे फोन आपटला गेला होता. थोड्याच वेळात शेजारणीच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन आई डेपोच्या फाटकातून आत आली.

"काय केलंय माझ्या मुलानं?" दारातूनच तिनं विचारलं.

"काहीच केलं नाही, आजी," तपासनीस म्हणाला. "तोच तर प्रश्न आहे."

सगळं ऐकून घेतल्यावर ती शांत झाली. खुर्चीत बसली आणि समोरच्या भिंतीवरचा मोठा तक्ता वाचू लागली. त्यावर सरकारनं सगळ्या नशेच्या पदार्थांचे वर्ग पाडले होते. "हे वर्ग कशावरून ठरवलेत?" तिनं विचारलं.

तपासनीसाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो पाय आवळूनच, पण मनापासून सांगू लागला. "मुख्य प्रश्न दोन, आजी. याचा औषध म्हणून काही उपयोग आहे का? आणि याची सवय किती वाईट लागते? उपयोग काही नाही आणि सवय भयंकर, तो पहिला वर्ग. उपयोग आहे, पण सवयही भयंकर, तो दुसरा. असं करत करत खाली सौम्य होत जातं."

"म्हणजे माझे धाकटे दीर पहिल्या वर्गात," आई म्हणाली. "उपयोग शून्य, आणि आमच्या सासूबाईंना त्यांच्यावाचून करमायचं नाही."

तपासनीसाला हसू आलं, पण त्याच्या अवस्थेत हसणं धोक्याचं होतं. त्यानं ते दाताखाली दाबलं.

आईचं बोट तक्त्यावरून खाली सरकत होतं. चौथ्या वर्गाशी ते थांबलं. "ही तर माझी गुडघ्याची गोळी!"

"तुम्हाला डॉक्टरांनी दिलीय ना? मग काही हरकत नाही."

"मला दिलीय. पण परवा याची पाठ धरली होती, तेव्हा अर्धी मी याला दिली."

खिडकीतली डोकी खाली गेली. खबर मिळताच मॅनेजर धावत आले आणि बसकाकांच्या कानाशी लागले. "काका, आता नमुना देऊच नका. चक्कर आली म्हणा, पुढचं मी बघतो."

"काय बघता?" आईनं विचारलं. तिचे कान पंचाहत्तरीतही शाबूत होते. "सगळ्यांची लेकरं असतात त्या बसमध्ये. अहो साहेब, लिहा तुम्ही. गोळी मी दिली. माझं नाव लिहा, त्याचं नको."

तपासनीसानं पेन उचललं. एवढ्या वेळात प्रथमच बसकाका उठून उभे राहिले.

"लिहू नका," ते म्हणाले. "आई, मी ती गोळी घेतली नाही."

"काय?"

"पाकिटावर लिहिलं होतं, घेतल्यावर गाडी चालवू नये. सकाळी मुलं होती बसमध्ये. मी ती बेसिनमध्ये टाकली."

"आणि 'आई, तुझ्या गोळीनं पाठ कशी मोकळी झाली' असं कोण म्हणालं?"

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो."

"पाठ दुखत होती?"

"अजून दुखतेय."

आई त्याच्याकडे बघत राहिली. रागवावं की जवळ घ्यावं, ते तिला ठरवता येईना. शेवटी तिनं तपासनीसाला विचारलं, "हा खरं बोलतोय का मला वाचवायला खोटं बोलतोय, ते कसं कळणार?"

"मी दोघांचंही म्हणणं लिहून घेतो," तपासनीस म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "बाकीचं नमुना सांगेल. फक्त तो मिळाला पाहिजे. लवकर."

"हात्तिच्या," आई म्हणाली. "एवढंच ना? कप घे रे, आत जा. साहेब, तुम्ही तुमच्या जागी हजर राहा. मी भिंतीकडे तोंड करते."

तिनं पदर खोचला, भिंतीकडे वळली आणि पन्नास वर्षांपूर्वी त्याला दोन पायांवर धरून बसवताना जसं करायची, अगदी तसं, त्याच सुरात, न लाजता म्हटलं, "शूऽऽऽऽ... शूऽऽऽऽ... माझ्या राजाची शूऽऽऽ..."

खिडकीखालचे दोघे उठून पळाले. मॅनेजर दुसऱ्यांदा गेले. आणि सकाळपासून धबधब्यांना, पाइपला, सरकारला न बधलेले बसकाका आईच्या एका सुरासरशी वाहते झाले. कप भरला. वर उरलं ते वेगळं.

खरी कमाल पुढे झाली. तपासनीसाला आता पळता आलं असतं. कुणी त्याला दोष दिला नसता. पण त्यानं कपाचं तापमान पाहिलं. नमुना दोन बाटल्यांत सारखा ओतला, आणि ते ओतणं, तो आवाज, त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर कोसळला असता. त्यानं झाकणं आवळली, सील लावलं, सीलवर बसकाकांची सही घेतली, आपली केली, बाटल्या पिशवीत घालून पिशवी पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "धन्यवाद, काका. आजी, येतो हं," असं म्हणून नमस्कारही केला. आणि मग इतका सुसाट धावला की कॉरिडॉरमध्ये त्याची एक चप्पल मागे राहिली.

आईनं ती उचलून दाराशी नीट ठेवली. "वळण असावं तर असं," ती म्हणाली.

निकाल येईपर्यंत बसकाकांना बस मिळाली नाही. ते ऑफिसात बसून दुसऱ्यांना चाव्या देत होते आणि घरी आईशी जपून बोलत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे घरी असताना मॅनेजरांचा फोन आला. बसकाकांनी तो आईला ऐकू जावा म्हणून स्पीकरवर लावला.

"अभिनंदन, काका! काहीही सापडलं नाही. अगदी स्वच्छ. उद्यापासून बस घ्या."

फोन बंद झाला. आईनं त्यांच्या दुखऱ्या पाठीवरून हात फिरवला. "खरंच बोललास," ती म्हणाली. "दुखणं सोसलंस, पण गोळी घेऊन मुलांची गाडी चालवली नाहीस." बसकाकांना भरून आलं. बायकोनं हळूच डोळ्याला पदर लावला.

मग आईचा हात पाठीवरच थांबला.

"काहीही सापडलं नाही म्हणाले ना रे ते?"

"हो."

"काहीही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

"मग मी तुला रोज सकाळी देते तो कडू पाल्याचा रस?"

बसकाकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पटकन खिडकीकडे पाहिलं. खिडकीतल्या कुंडीतला गुलाब साऱ्या इमारतीत सगळ्यात टवटवीत होता.