धक्क्यावरची घट्ट गाठ

सासूबाईंना बोटीनं बेटावरचं बंदर दाखवून आणावं, एवढंच गाठेश्वरांच्या मनात आलं. (मनात आलं ते मनातच राहिलं असतं, तर मी आज काय लिहिणार होतो?)

गाठेश्वर हे त्यांना कचेरीनं दिलेलं नाव. रेकॉर्ड-रूममध्ये तीस वर्षं फायलींचे गठ्ठे बांधलेला माणूस. त्यांची गाठ सोडवायला मोठे साहेबसुद्धा कात्री मागवायचे. पण घरी बावीस वर्षांत सासूबाईंच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द नाही. तो या सहलीत मिळवायचाच, असं ठरवून त्यांनी केबिनवाली छोटी बोट भाड्यानं घेतली.

सकाळी बेटावर पोचले तेव्हा भरती काठोकाठ होती. सासूबाई केबिनमध्ये गाढ झोपलेल्या. बोटवाला डिझेल आणायला निघाला आणि जाताना दोन्ही दोऱ्या यांच्या हातात देऊन म्हणाला, "सैल बांधा हं, साहेब."

सैल? गाठेश्वरांना तो अपमानच वाटला. त्यांनी पुढची दोरी आवळली, मागची आवळली, वर पाय देऊन दोन्ही पुन्हा आवळल्या आणि बायकोला घेऊन ऐटीत बाजार बघायला गेले.

तीन तासांनी येतात तो धक्क्यावर ही गर्दी. गाठेश्वरांनी वाकून पाहिलं. ओहोटीनं पाणी खाली उतरलं होतं, बोट उतरली नव्हती. वाळत घातलेल्या सतरंजीसारखी ती दोन दोऱ्यांवर तिरकी लटकत होती. खाली नुसता चिखल.

"आई आत आहे," बायको हळूच म्हणाली. (ती हळू बोलली, म्हणजे बघा.)

गाठेश्वर गाठीला झोंबले. नखं तुटली, दातही लावून झाले. एवढ्यात बोटवाल्यानं धावत येऊन त्यांना मागे ओढलं. सैल बांधा म्हणून सांगितलं होतं, आता सोडलीत तर बोट म्हातारीसकट आपटेल, भरती येईपर्यंत हात लावू नका, असं तो ओरडला.

त्या आरड्याओरड्यानं केबिनची खिडकी उघडली. सासूबाईंचं डोकं बाहेर आलं, चष्मा कपाळावर. त्यांनी खाली चिखल पाहिला, वर जावई पाहिला, मग निवांत गाठ न्याहाळली.

"बावीस वर्षांत एक काम पक्कं केलंत, जावईबापू," त्या म्हणाल्या, "आणि नेमकं तेच सैल करायचं होतं."

संध्याकाळी पाणी चढलं, बोट तरंगली. (गाठ कात्रीनंच सुटली.) परतल्यावर गाठेश्वर भेटेल त्याला सासूबाईंचं पहिलं अर्धं वाक्य ऐकवत होते. उरलेलं अर्धं पुरवायला सासूबाई सोबत होत्याच.