आजीच्या पिक्चरमधल्या सतरा चुका

पिक्चरला निघताना मी एका खिशाला लाल पेन लावलं आणि दुसऱ्या खिशात छोटी वही टाकली. गुन्हा म्हणाल तर एवढाच. पेनाचं कारण असं, की माझे वडील सांगून गेलेत, "सुखदेव, आपल्याला पेनानं वर काढलंय. खिशाला पेन नसताना उंबरा ओलांडायचा नाही." वहीबद्दल ते काही बोलले नव्हते. वही ही माझी स्वतःची अक्कल.

"वही कशाला?" चंपानं दारातच विचारलं. (चंपा म्हणजे माझी बायको. आमच्या घरातली सगळी अपिलं तिच्यापुढे चालतात आणि तिथेच फेटाळली जातात.)

"असू दे. खिशाला आकार राहतो."

"अहो, आमूचा पहिला पिक्चर आहे. शेजारी बसून चुका काढायला लागलात, तर मी उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसेन."

आमू म्हणजे आम्रपाली, आमची एकुलती एक मुलगी. दोन वर्षं ती सौरभ सर नावाच्या दिग्दर्शकाकडे असिस्टंट आहे. असिस्टंट म्हणजे नेमकं काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या ऑफिसातला असिस्टंट फाईल शोधतो आणि सापडली नाही असं सांगतो. तसंच काहीतरी असणार, असं मी धरून चाललो होतो. पण आजचा दिवस मोठा होता. पुढच्या पिक्चरला चीफ असिस्टंट कोण, हे सर आज खेळ संपल्यावर सांगणार होते. शर्यतीत दोघंच, आमू आणि चेतन नावाचा एक मुलगा. चेतनचे मामा निर्मात्याचे शाळासोबती, म्हणजे शर्यत जरा त्याच्याच बाजूला उतरती होती. आमू सकाळी फोनवर आईला म्हणाली, "आई, माझं काय व्हायचं ते होईल. तू फक्त बाबांना सांभाळ."

हे वाक्य मला फार लागलं. कारण मी कोण आहे ते या दोघी विसरतात. मी सरकारी कचेरीत सेवापुस्तकं तपासतो. नोकरीला लागलेल्या माणसाची उंची, जन्मतारीख, ओळखीची खूण, बदल्या, बढत्या, सगळं त्यात असतं. एकतीस वर्षं मी एक पान दुसऱ्या पानाशी ताडून बघतोय. एका शिपायाच्या पहिल्या पानावर 'उजव्या गालावर तीळ' आणि बढतीच्या पानावर 'डाव्या गालावर तीळ' असं लिहिलेलं होतं. पाच साहेबांच्या सह्या झाल्या, कुणाला दिसलं नाही. मला दिसलं. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चष्मा लावून पाहिलं. तीळ नाकावर होता. तेव्हापासून ऑफिसात माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. (चंपा म्हणते, बघत नाहीत, टाळतात.)

पिक्चरचं नाव 'आजी आली अंगावर'. सहकुटुंब बघायचा मारामारीचा पिक्चर. नातवाला पळवून नेणाऱ्या टोळीला सत्तरीची आजी लाठीनं बडवून काढते, अशी कथा. शेवटची मारामारी तर आमच्याच बिबवेवाडीतल्या बिल्डिंगखाली तीन दिवस चालली होती आणि रहिवाशांचा प्रतिनिधी म्हणून मी तिन्ही दिवस गॅलरीत हजर होतो. स्वारगेटजवळच्या थिएटरात सकाळी अकराचा खेळ होता. पुढच्या दोन रांगांत पिक्चरची सगळी मंडळी. आमूनं तिथून हात केला. पोरगी निळ्या कुर्त्यात अशी काही दिसत होती, की मला उगाचच शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं, "ती आमची." सांगितलंही.

पहिली दहा मिनिटं मी सज्जनासारखा बसलो. मग नातू हसला. पुढचा एक दात पडलेला. आजीनं त्याला लाडू दिला, तो परत हसला, आणि दात होता. लाडवानं दात पडलेला ऐकलाय, आलेला नाही ऐकला. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. 'त्रुटी क्र. १.' त्यानंतर मला थांबता आलं नाही. आजीच्या डाव्या मनगटावरची पट्टी जिना चढताना उजव्या मनगटावर गेली. भिंतीवरच्या घड्याळात नातवाला पळवतानाही चार दहा आणि पोलीस येऊन चहा पिऊन गेले तरी चार दहा. चौकड्याच्या शर्टातला गुंड तीनदा बेशुद्ध पडला, तिन्ही वेळा नव्या उमेदीनं. म्होरक्याच्या उजव्या गालावरचा व्रण डाव्या गालावर आला, तेव्हा तर मला त्या शिपायाची आठवण होऊन गहिवरून आलं. मध्यंतरापर्यंत अकरा. अंधारात, चष्मा न पुसता. शेवटी मी तारीख घालून सही ठोकली. सवय, दुसरं काय.

मध्यंतरात चंपा जागेवर बसली आणि मी समोशाच्या रांगेत. माझ्यामागे एक टोपीवाला, दाढीवाला तरुण होता.

"काका, अंधारात काय लिहीत होतात?"

"त्रुटी."

"किती निघाल्या?"

"आतापर्यंत अकरा. उत्तरार्धात आणखी आशा आहे."

त्यानं वही मागितली. वाचता वाचता चौथ्या क्रमांकाला तो हसला, सातव्याला गंभीर झाला. कदर करणारा माणूस भेटला की मी विरघळतो. "ही थोडा वेळ नेऊ का?" तो म्हणाला.

"खुशाल न्या. कुणाला दाखवायलाही हरकत नाही, फक्त सही माझी आहे म्हणून सांगा. आणि वही परत द्या, मागच्या पानावर वाणसामानाची यादी आहे."

समोसे घेऊन मी ताठ मानेनं जागेवर आलो आणि चंपाला सगळं सांगितलं. तिचा समोसा तोंडापाशीच थांबला.

"टोपी? दाढी? गळ्यात निळ्या पट्टीचं कार्ड होतं?"

"होतं."

"ते सौरभ सर."

"अरे वा. गॅलरीतून मला नुसती टोपीच दिसायची. साधा माणूस आहे."

"अहो, आमू काय काम करते ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"असिस्टंट."

"आधीच्या शॉटमध्ये पट्टी ज्या हाताला, त्याच हाताला पुढच्या शॉटमध्ये आहे का, कपात चहा तेवढाच आहे का, हे बघणं तिचं काम. कंटिन्युइटी म्हणतात त्याला. दोन वर्षं पोरगी जेवताना सांगतेय. तुमचं आपलं आमटीत मीठ कमी का, यावर लक्ष."

दिवे मालवले. मी समोसा कागदात परत गुंडाळला. अकरा चुका, तारखेनिशी, सहीनिशी, मुलीच्या साहेबाच्या हातात मी स्वतः नेऊन दिल्या होत्या. वैऱ्यानं केलं नसतं ते बापानं केलं होतं. मला स्वतःचा राग आला.

उत्तरार्धात मी आयुष्यात पहिल्यांदा चुका दिसू नयेत म्हणून डोळे मिटून बसलो. पण एकतीस वर्षांची सवय, एक डोळा उघडायचाच. रिक्षाचा नंबर बदलला. मी मनात म्हटलं, पहिला रिक्षावाला मीटरनं यायला तयार झाला नसेल. आजीची चप्पल चौकात तुटली आणि पुलावर धड झाली. म्हटलं, वाटेत चांभार भेटला असेल. बायकोनंही कधी ऐकून घेतली नसती अशी एकेक सबब मी त्या पिक्चरसाठी शोधत होतो. तरी सहा झाल्याच.

मग पडद्यावर आमची बिल्डिंग आली. खाली आजी लाठी फिरवतेय, वर दुसऱ्या मजल्यावर आमची गॅलरी आणि गॅलरीत साक्षात मी. एवढ्या मोठ्या आकारात मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. सगळी चिंता क्षणभर विसरलो.

"चंपा, मी."

"दिसतंय," ती म्हणाली.

थिएटरात हशा उसळला. आजीनं दोन गुंडांची डोकी एकमेकांवर आपटली होती, त्याला असणार. माझं काही तिकडे लक्ष नव्हतं. मी माझ्याकडे बघत होतो.

खेळ संपल्यावर बाहेर सगळी मंडळी गोळा झाली. सौरभ सरांच्या हातात माझी वही होती आणि ते मोठ्यानं वाचत होते. "क्रमांक एक, दात." मंडळी हसली. "क्रमांक दोन, पट्टी." चेतन जरा जास्तच हसला. आमू हसत नव्हती. तिनं मान खाली घातली होती. लहानपणी वर्गात बाईंनी उभं केलं की ती अशीच उभी राहायची. मला ते बघवेना. मी गर्दीत घुसलो.

"साहेब, ती वही रद्द समजा," मी म्हणालो. "माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. मला हल्ली काहीही दिसतं. त्यातली एकही चूक खरी नाही."

एकतीस वर्षांत मी दिलेला शेरा कधी मागे घेतला नव्हता, आयुक्तांसमोरही नाही. तिथं, समोशाच्या काउंटरशेजारी, अकराच्या अकरा मागे घेतले. आमूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"काका, शेरे राहू द्या, सगळे बरोबर आहेत," सौरभ सर म्हणाले. त्यांनी आमूच्या हातातली जाडजूड फाईल घेतली. "या अकराही चुका हिनं शूटिंगच्याच दिवशी मला लिहून दिल्या होत्या. तारखेसकट, सहीसकट. मीच म्हणालो, राहू दे, कुणाच्या लक्षात येतंय. आज कळलं कुणाच्या लक्षात येतं. पुढच्या पिक्चरला चीफ आमूच. तिचं मी ऐकायचं, असं आता ठरलं."

मला काय झालं ते सांगता येत नाही. माझा लाल पेनाचा डोळा त्या पोरीत उतरला होता आणि मला दोन वर्षं पत्ता नव्हता. शेजारच्या त्याच अनोळखी माणसाला मी पुन्हा सांगितलं, "ती आमची." तो म्हणाला, "मघाशी सांगितलंत."

"बरं काका," सौरभ सरांनी विचारलं, "उत्तरार्धात किती?"

चंपानं चिमटा काढला, पण अभिमानापुढे चिमटा काय. "सहा," मी म्हणालो. "एकूण सतरा."

"आमूच्या फायलीत उत्तरार्धात सात आहेत."

हे मात्र मला झोंबलं. माझ्या नजरेतून एक सुटली? मी फाईल मागून घेतली. सातव्या नोंदीला फोटो जोडला होता आणि आमूच्या वळणदार अक्षरात, थेट माझ्याच ऑफिसच्या भाषेत लिहिलं होतं: 'दुसरा मजला, गॅलरीतील इसम. वय अंदाजे सत्तर. एकाच मारामारीत प्रथम बनियन, नंतर स्वेटर व कानटोपी, नंतर डबा घेऊन ऑफिसला निघालेला. तीन वेळा विनंती करूनही आत जात नाही.'

"हे कापलं का नाही?" मी विचारलं.

"कसं कापणार?" सौरभ सर म्हणाले. "अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात मोठा हशा तोच आहे."

मी ते पान पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं, आणि माझा चेहरा उजळला. मी खिशातलं लाल पेन काढलं.

"चंपा, सापडली. आमूची चूक सापडली. इथं वय सत्तर लिहिलंय. मी सत्तावन्नचा आहे."

चंपानं फोटो डोळ्यांजवळ धरला. मग माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, आणि फाईल मिटून आमूच्या हातात दिली.

"पडताळलं," ती म्हणाली. "नोंद बरोबर आहे."