टिपणीस दुबईत राहतात, याचा पुरावा

दुबईच्या बर दुबई या भागात राहणाऱ्या गुणवंत टिपणिसांच्या बँकेत असा नियम होता की, निवृत्त खातेदाराला व्हिसाची मुदतवाढ हवी असल्यास बँकेनं त्याच्याविषयी तीन गोष्टी लिहून द्यायच्या. सदर गृहस्थ येथे प्रत्यक्ष राहतो, त्याची बचत शाबूत आहे, आणि तो कोणताही कामधंदा करत नाही. तिन्ही अटी वाचून गुणवंतरावांना हसू आलं. एवढंच ना, म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले.

मुदतवाढ मिळणं मात्र हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. मुलगा शार्दूल त्याच इमारतीत दोन मजले वर राहायचा. त्याची मुलगी आभा शाळेतून आली की आधी आजीकडे वरणभात जेवायची आणि मग आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. पुण्याचा फ्लॅट भाड्यानं दिलेला होता आणि भाडेकरू वकील होता. म्हणजे परत जायचं म्हटलं तरी जायचं कुठे, हा प्रश्नच होता.

"आजोबा, आर यू एक्स्पायरिंग?" आभानं आदल्या रात्री विचारलं होतं. व्हिसाबद्दल विचारलं होतं, पण गुणवंतरावांना ते फारच लागलं.

बँकेत साजिदा नावाची रत्नागिरीकडची मुलगी त्यांची रिलेशनशिप मॅनेजर होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ पाहिलं आणि चेहरा पाडला.

"काका, सॉरी हां, पण तुमचं अकाउंट डॉर्मंट झालंय. झोपलंय एकदम. वर्षभरात एक दिरहम खर्च नाही. सिस्टीम बोलते की हा माणूस दुबईत राहतच नाही."

"अहो, मी तुमच्यासमोर बसलोय!"

"समोर बसणं म्हणजे ट्रान्झॅक्शन नाही ना, काका."

यात सिस्टीमची चूक नव्हती, हे इथे सांगितलं पाहिजे. गुणवंतराव एका बांधकाम कंपनीत खर्चाचे अंदाज काढण्यात म्हातारे झाले होते. पगार दिरहममध्ये घेतला, पण किंमत कधी दिरहममध्ये वाचली नाही. दुकानात कुठल्याही वस्तूला हात लावला की ते रुपये काढायला मोठ्यानं चोवीसनं गुणायचे आणि हात मागे घ्यायचे. घराचं भाडं आणि बिलं शार्दूलच्या खात्यातून जायची. तूरडाळ, पोहे, साबण, पायपुसणी, खराटा, सगळं वर्षातून एकदा पुण्याहून यायचं. एकदा तर त्यांनी मीठ आणलं होतं, तेही समुद्रकाठच्या गावात. विमानतळावरच्या कस्टमवाल्यानं ते हुंगून पाहिलं होतं.

"खर्च करा, काका," साजिदा म्हणाली. "कार्ड स्वाइप करा. दिसलं पाहिजे की तुम्ही इथे जगताय. पण लक्षात ठेवा, मिनिमम बॅलन्सच्या खाली आलात तर खलास."

"म्हणजे खर्च करायचा, पण पैसे कमी होता कामा नयेत?"

"करेक्ट!" आपलं बोलणं कुणाला तरी समजलं म्हणून ती खूश झाली.

त्याच संध्याकाळी गुणवंतराव आणि त्यांच्या पत्नी शोभनाताई कॉफी प्यायला गेले. बिल आलं बावीस दिरहम.

"पाचशे अठ्ठावीस रुपये!" गुणवंतराव ओरडले. शेजारच्या टेबलावरचा अरब दचकून उभा राहिला. "शोभना, एवढ्यात पुण्यात आपण महिनाभर चहा प्यालो असतो."

"मग घोट घोट घेऊन महिनाभर प्या," शोभनाताई म्हणाल्या.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. पहाटे मात्र एकदम डोकं चाललं. इथल्या मॉलमध्ये वस्तू न उघडता दोन आठवड्यांत परत केली की पैसे कार्डावर परत मिळतात. म्हणजे खरेदी केली की आपण इथे राहतो हे सिद्ध, आणि परत केली की बचत शाबूत! गुणवंतरावांनी बायकोला हलवून उठवलं आणि ही योजना सांगितली. नवरा इतक्या वर्षांनी मॉलमध्ये नेतोय म्हटल्यावर शोभनाताईंनी चांगली साडी काढली.

मग टिपणिसांच्या घरी सुबत्ता आली आणि गेली. सोमवारी कॉफीचं मशीन आलं, गुरुवारी गेलं. त्याच्या जागी ट्रेडमिल आलं, वाळवंटात लावायचा तंबू आला, कोळशाची शेगडी आली, जुळ्यांची बाबागाडी आली. बाबागाडी घेताना सेल्समननं अभिनंदन केलं, तेव्हा शोभनाताई लाजून लाल झाल्या. खोकी न फोडता दिवाणखान्यात ठेवली जायची. आभा त्यांच्यावर चढून बसायची आणि विचारायची, "कॅन वुई ओपन धिस वन?" आजोबा घाईघाईनं म्हणायचे, "नको गं, ते पाहुणे आहेत. जायचेत त्यांना."

शोभनाताईंचा जीव मात्र त्या कॉफी मशीनवर जडला. ते परत करायला निघाले, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि खोक्यावरून हात फिरवला. गुणवंतरावांना वाईट वाटलं. म्हणून त्यांनी बायकोसाठी पुढच्या आठवड्यात तेच मशीन पुन्हा परत करण्यासाठी आणलं.

महिनाअखेर ते विजयी मुद्रेनं बँकेत गेले. साजिदानं खातं उघडलं आणि या वेळी चेहरा आणखी पाडला.

"काका, अकाउंट जागं झालं. पण आता सिस्टीम बोलते, रोज माल येतो, माल जातो. म्हणजे हा माणूस ट्रेडिंग करतो. विदाऊट लायसन्स. तुम्ही रिटायर्ड नाही, काका."

"अहो, मला एका दिरहमचा फायदा झालेला नाही!"

"तेच तर. सिस्टीम बोलते, बिझनेस लॉसमध्ये आहे."

आता निवृत्ती सिद्ध करायची, तर बँकेचा अधिकारी घरी येऊन पाहणी करणार होता. कधी येईल ते सांगता येत नव्हतं. पण येईल तेव्हा खातेदार घरात, आणि काहीही न करताना आढळला पाहिजे.

"त्याला अधिकारी कशाला?" हे घरी कळताच शोभनाताई फोनवरच साजिदाला म्हणाल्या. "मी लिहून देते की! लग्न झाल्यापासूनचं देते."

पण बायकोचा दाखला बँकेच्या नियमात बसत नव्हता. तेव्हा गुणवंतराव खुर्चीत बसले आणि काही करेनासे झाले. हे काम भलतंच अवघड निघालं. पेपर वाचला तर वाचन होतं, नळ दुरुस्त केला तर दुरुस्ती होते. आभाचा गृहपाठ घेतला तर शिकवणी होते, म्हणून तोही बंद. ती रुसून वर निघून गेली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण बेल वाजल्यासारखी वाटली होती.

खोकी परत करायलाही बाहेर पडता येत नव्हतं, आणि अधिकारी यायला इतके दिवस लागले की घरातल्या सगळ्या खोक्यांची परतीची मुदत उलटून गेली. कार्डाचं बिल खात्यातून गेलं आणि बचत मिनिममच्या खाली घसरली. आणि नेमका त्याच दिवशी हम्माद नावाचा तो अधिकारी दारात उभा राहिला.

खोक्यांच्या भिंतीतून वाट काढत तो आत आला. "हबीबी," तो हिंदीत म्हणाला, "ये घर है या गोडाऊन?"

गुणवंतराव गप्पच राहिले, कारण उत्तर देणं हे काम धरतात की नाही याची त्यांना खात्री नव्हती. शोभनाताई पुढे झाल्या.

"ये सब इंडिया भेजना है. रिश्तेदारों के लिए."

हम्मादचा चेहरा एकदम निवळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं पटण्याजोगं उत्तर त्याला कुणी दिलं नव्हतं. "अच्छा! मगर बॅलन्स?"

शोभनाताईंनी तिथल्या तिथे पुण्याला पुतण्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "विहान, अरे, कॉफीचं मशीन आहे एक. दुबईचं."

"दुबईचं? काकू, ठेवा, ठेवा! कितीला?"

गुणवंतरावांनी सवयीनं चोवीसनं गुणून आकडा सांगितला. तो पुण्यातल्या दुकानापेक्षा जास्त होता, हे त्यांना ठाऊक होतं. प्रामाणिक माणूस, म्हणून ते सांगणारही होते.

"बापरे, इतकं स्वस्त!" विहान ओरडला. "इकडे तसला माल मिळतच नाही."

विहाननं बातमी नात्यात पसरवली आणि संध्याकाळपर्यंत सगळी खोकी विकली गेली. तंबू कोथरूडला गेला, ट्रेडमिल ठाण्याला. बाबागाडी नाशिकच्या एका अविवाहित मावसभावानं घेतली, कारण दुबईची होती. नातेवाइकांनी पैसे पाठवताना आपापल्या बँकेत कारण लिहायचं होतं. इतर कारणांना कागदपत्रं फार लागत होती, म्हणून प्रत्येकानं एकाच चौकोनात खूण केली: आप्तांचं भरणपोषण.

साजिदानं खातं पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. "माशाल्ला, काका! सगळं खानदान तुम्हाला पोसतंय. सिस्टीम बोलते की असा माणूस कामधंदा करणं शक्यच नाही."

मुदतवाढ झाली. आभा पुन्हा मांडीवर डोकं ठेवून झोपू लागली, आणि गुणवंतरावांनी तिच्या केसांवरून हात फिरवत पुढच्या वर्षीची खरेदी ठरवायला घेतली.

तेव्हा तुमचं आता दुबईच्या सिस्टीमला हसून झालं असेल, तर जरा उठा. तुमच्या शोकेसमध्ये, पाहुण्यांना दिसेल अशा बेतानं, दुबईहून आलेली एक वस्तू ठेवलेली आहे. तिला उलटी करा आणि खालचं लेबल वाचा. भिवंडीत बनलीय ना? असो. टिपणीस कुटुंबाच्या भरणपोषणाला आपण हातभार लावल्याबद्दल बँक आपली आभारी आहे.