साडूचा पहिला नंबर

सुजित रोज सकाळी तोंड धुण्याआधी साडूचे नाव घेई. भक्तीने नव्हे. वाकडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभा राहून तो मोबाइलवर ‘पाण्याची टाकी साफ करणारे, पिंपरी-चिंचवड’ असे टाइप करी. पहिल्या जागी ‘नवनाथ टाकीवाले, देहूरोड’ आणि त्याखाली स्वतःची ‘निर्मळ टाकी सेवा’ दिसली, की चहाआधीच त्याचे पित्त खवळे.

“आज कितवे?” स्वरूपाने स्वयंपाकघरातून विचारले.

“दुसरा.”

“शाळेत तरी कधी आला होतात दुसरे?”

बायकोला दुःख कळत नव्हते. टाक्या धुण्याचा धंदा सुजितचा जुना. त्याची वेबसाइट त्याने स्वतः बनवली होती, आणि टाकी कधी धुवावी, कशी धुवावी, न धुतल्यास पोटाचे काय होते, यावर तिच्यात पानेच्या पाने लिहिली होती. एकेक वाक्य तीनतीनदा खोडून. नवनाथ हा स्वरूपाच्या धाकट्या बहिणीचा, विजयश्रीचा नवरा. चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने नेमका हाच धंदा धरला. त्याची वेबसाइट म्हणजे वरातीची गाडी होती. लाल अक्षरे पळताहेत, तारे लुकलुकताहेत आणि मधोमध काळ्या टाकीवर हात ठेवून विजयश्री हसते आहे. आणि ही म्हणे पहिली!

वेबसाइट चालवणाऱ्या मंडळींचा एक कट्टा दर रविवारी वाकडच्या पुलाजवळ चहाच्या टपरीवर जमे. कोणाची साइट वर गेली, कोणाची घसरली, यावर तिथे लग्नातल्या मानपानाइतकी बारीक चर्चा चाले. धम्मरत्न हा त्यांच्यातला जाणता. सुजितने त्याच्यापुढे मन मोकळे केले.

“साडूची साइट दिवसातून कितीदा उघडतोस?” धम्मरत्नने विचारले.

“उघडतो आपला. दहा-बारा वेळा.”

“मग मोबाइलला वाटतं, तुला तीच आवडते. म्हणून तुला ती आधी दाखवतो. हे बघ माझ्या मोबाइलवर. तूच पहिला आहेस, भावा.”

सुजितने पाहिले. खरोखरच तो पहिला होता.

“तुझा मोबाइल जुना आहे,” तो म्हणाला.

मत्सराने पेटलेल्या माणसाला दिलासा चालत नाही. त्यातही त्याला काहीतरी डाव दिसतो. धम्मरत्न आतून नवनाथला सामील असणार, असे ठरवूनच सुजित घरी आला. लोकांना पळती अक्षरे हवीत ना? घ्या! त्याने लिहिलेली सगळी पाने पुसून टाकली. लाल अक्षरे पळवली, तारे लुकलुकवले, वर सनईही घातली. राहिला फक्त फोटो.

“मी? टाकीवर हात ठेवून?” स्वरूपा म्हणाली.

“विजयश्री उभी राहिली की.”

“तिनं साधी साडी नेसलीय,” स्वरूपा क्षणभर विचार करून म्हणाली. “मी पैठणी नेसते.”

सोसायटीच्या गच्चीवर पैठणी नेसून टाकीशेजारी उभ्या राहिलेल्या स्वरूपाला बघायला शेजारच्या इमारतीतली माणसे खिडक्यांत आली. पण मेहनत फळली. आठवड्याभरात सुजितचा फोन खणखणू लागला. मारुंजीहून फोन, रावेतहून फोन, एकाच दिवशी तीन-तीन सोसायट्या. हाताखालची माणसे पुरेनात. आता दुसरा टेम्पो घ्यावाच लागणार, असे स्वरूपा म्हणू लागली. मधूनच एखादे गिऱ्हाईक विचारी, “देहूरोडचे टाकीवाले ना?”

“आम्ही सगळीकडचे!” सुजित रुबाबात सांगे. कामाच्या धबडग्यात साडूचे नाव घ्यायलाही त्याला फुरसत उरली नाही.

तेवढ्यात अधिक महिना लागला आणि निगडीहून सासूबाईंचे, सुमनताईंचे बोलावणे आले. धोंड्याच्या जेवणाला दोन्ही जावयांनी जोडीने यायचे. सुजित नवा शर्ट घालून गेला. नवनाथचे उतरलेले तोंड डोळे भरून बघायचे होते.

तोंड खरोखरच उतरलेले होते. पाटावर बसलेला नवनाथ पुरणाचा धोंडा नुसताच तुपात लोळवत होता.

“काय नवनाथराव, धंदापाणी?” सुजितने गोड आवाजात विचारले.

“काय सांगू राव. महिनाभर माझ्या मोबाइलवर पहिले तुमीच दिसायचे. रोज बघायचो अन् जळायचो. खोटं कशाला बोलू? आता मी पहिला हाय. सगळ्यांच्या मोबाइलवर हाय. पण फोन? एक न्हाई!”

सगळ्यांच्या मोबाइलवर?

“येतील हो फोन,” सासरे रंगराव म्हणाले. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना मोठ्याने वाचायची सवय लागली होती. त्यांनी चष्मा लावून मोबाइल पुढे धरला. “काय लिहिलंय नवनाथरावांनी! सुजितराव, ऐका. ‘टाकीच्या तळाशी बोट फिरवून पाहा. बोटाला बुळबुळ लागली, तर ती तुमच्या चहालाही लागली आहे, असे समजा.’ वा! माणूस टाक्यांत वाया गेला.”

ते वाक्य त्याचे होते. पुढचेही. त्याच्या पुढचेही. नवनाथने जळून जळून शेवटी त्याची सगळी जुनी साइट जशीच्या तशी उचलली होती, आणि त्यानंतर सुजितने तर ती पुसून टाकली होती!

स्वरूपाने वडिलांच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावले. खालपर्यंत वाचले आणि वाढायच्या निमित्ताने नवऱ्याजवळ वाकली.

“खाली फोन नंबर तुमचाच आहे,” ती कुजबुजली. “बदलायचा राहिलाय त्यांचा. आपल्याला फोन येतात ते तिथूनच. गुपचूप जेवा. टेम्पो आठवा.”

सुजितला टेम्पो दिसला. पांढरा, दारावर त्याचे नाव. आता फक्त तोंड बंद ठेवून धोंडे खायचे होते. त्याने मोठा घास घेतला.

“आणि हे बघा,” रंगराव रंगात आले. “‘स्वच्छ पाण्याला चव नसते, हीच त्याची चव.’ अहो, असं सुचायला आतून यावं लागतं!”

“जावईबापू पहिल्यापासूनच हुशार,” सुमनताईंनी नवनाथच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला. विजयश्री लाजली. नवनाथही मान खाली घालून थोडासा लाजला.

ते लाजणे सुजितला सोसले नाही.

“मी लिहिलंय ते!” तो ओरडला. पुरणाचे कण पार देव्हाऱ्यापर्यंत उडाले. “प्रत्येक अक्षर माझं आहे! खोटं वाटत असेल तर खाली बघा, नंबरसुद्धा माझाच आहे!”

स्वरूपाने डोळे मिटून घेतले. नवनाथने मोबाइल घेतला, खालपर्यंत गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

“आयला, व्हय की! तरीच!”

उष्ट्या हाताने त्याला टाइप करता येईना, म्हणून विजयश्रीने तिथल्या तिथे नंबर बदलून दिला. “मजकूर राहू द्या हं, सुजितराव,” नवनाथ म्हणाला. “साडूसाडूंत कसलं तुझं-माझं?” आणि त्याने आणखी तूप मागितले.

आमटीची दुसरी वाढ व्हायच्या आतच नवनाथचा फोन वाजला. सुजितचा जीव कळवळला.

“बोला साहेब! व्हय, टाकीवालेच. वाचलं का? बरं, बरं. बोटाला बुळबुळ लागली?”

सुजित पाटावरून पुढे सरकला आणि त्याने साडूची बाही ओढली.

“लिहिलेलं आवडलं का,” तो हळूच म्हणाला, “तेवढं विचारा.”