सहाव्या रकान्यातली नऊ कामं

मुख्यालयातून मनुष्यबळ नियोजनाचा तक्ता आला, तेव्हा कर कार्यालयाचे हेडक्लार्क मनातून खूश झाले. तुमच्याकडे कोण काय करतं, हे एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. सहाव्या रकान्याचं शीर्षक होतं, 'ही व्यक्ती नसल्यास कोणती कामे अडतील?' ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याचं पद जाणार, हे सगळ्यांना न सांगता कळलं.

हेडक्लार्कना काळजी होती ती टायपिस्टबाईंची. अकरा वर्षं त्या कंत्राटावर होत्या. त्यांच्यावर गदा येऊ नये म्हणून हेडक्लार्कनी त्यांच्यापुढे सढळ हाताने नऊ कामं लिहिली. नोटिसा टाइप करणं होतं, रुसलेला संगणक सुरू करणं होतं. साहेबांचा चष्मा शोधून देणं हे त्यांनी 'अभिलेख शोध' म्हणून घातलं.

दोन महिन्यांनी बाईंच्याच जागेवर कायम भरती निघाली. बाई परीक्षा पास झाल्या. वयाची अट पाहता ही त्यांची शेवटची संधी होती. कंत्राटातून सोडायला हरकत नाही, एवढं मुख्यालयाचं पत्र हवं होतं. उत्तर आलं, की सदर व्यक्ती नसल्यास नऊ कामे अडतात, सबब सोडता येत नाही.

"म्हणजे याच खुर्चीवर बसायला मला या खुर्चीवरून उठू देणार नाहीत," बाई म्हणाल्या. "भाऊसाहेब, तुम्ही माझं भलंच करायला गेलात, पण जरा जास्तच झालं."

हेडक्लार्कनी लगेच दुरुस्तीचं पत्र धाडलं, की बाईंवाचून आमचं काहीही अडत नाही. यावर मुख्यालयाला आनंद झाला असावा. त्यांनी कळवलं, की असं असेल तर महिनाअखेरीस कंत्राट संपवावं आणि कायम पदही रद्द समजावं, कारण प्रत्येक कार्यालयाने एक पद कमी करायचंच आहे. साहेबांनी चष्मा शोधत एवढंच सांगितलं, की तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच निस्तरा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हेडक्लार्कना संगणकासमोर बसवलं आणि तो बंद पडला की कुठलं बटण किती वेळ दाबून धरायचं, ते शिकवायला घेतलं. आपण गेल्यावर यांची पंचाईत नको, म्हणून. हेडक्लार्कना फार वाईट वाटलं. त्यांना बटणही धड दिसेना.

घरी त्यांनी बायकोला विचारलं, की माझ्यावाचून ऑफिसात काही अडेल का.

"ऑफिसातलं मला काय ठाऊक?" बायको म्हणाली. "घरातलं तर आजवर अडलं नाही."

सकाळी त्यांनी मुख्यालयाला आणखी एक पत्र लिहिलं. दुरुस्तीचं पत्रच चुकीचं होतं. नऊ कामं बाईच करतात, पुढेही त्यांनीच करायला हवीत. कमी करायचं ते पद हेडक्लार्कचं. निवृत्तीला आठ महिने उरलेला हा माणूस आधीच जायला तयार आहे, आणि इतरांनी केलेल्या कामाखाली सही करण्यापलीकडे त्याच्याकडे अडण्यासारखं काही नाही.

पत्र गेलं खरं, पण मुख्यालय निदान एखादी शंका काढेल, अशी त्यांना आशा होती. त्यांचा कुठलाच कागद शंकेशिवाय सुटलेला नव्हता. स्वतःच्या लग्नाच्या रजेचा अर्जसुद्धा 'कारण स्पष्ट करावे' म्हणून परत आला होता.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोबत बाईंच्या कायम नेमणुकीचा कागद होता. हेडक्लार्कबद्दल एकच ओळ होती, 'प्रस्ताव मान्य.' त्यांनी पान उलटून पाहिलं.

"मागे काही आहे का, भाऊसाहेब?" बाईंनी विचारलं.

"नाही. एकदम पटलं त्यांना," हेडक्लार्क म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला.

कायम नोकरीतलं पहिलं काम म्हणून साहेबांनी बाईंपुढे हेडक्लार्कच्या कार्यमुक्तीचा आदेश टाइप करायला ठेवला. चार ओळींचा मजकूर होता. संध्याकाळ झाली, तरी बाईंच्याने तो टाइप होईना.